स्लॅबवाल्यांची दुपार

होळी होऊन चार-सहा दिवस झाले होते. मी पत्र्याची पेटी घेऊन घराबाहेर पडले आणि त्याच सकाळी आमच्या मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, घराच्या त्यांच्या अर्ध्या भागावर सबल-पहार चालवायला माणसं लावली. मुहूर्त त्यांनी मुद्दाम साधला असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. पुतणी नर्स होऊन भिलाईला चालली, मागं उरली एकटी विधवा भावजय, आता अडवणार कोण? छपरावरचे कवेलू आधीच उतरवून झाले होते. मातीची भिंत पडताना मोठा आवाज करत नाही. भसकन बसते आणि मग जी धूळ उठते ती बराच वेळ खाली येत नाही. माय दारात उभी होती, हात कोपरापर्यंत गाऱ्यानं भरलेले, कारण पलीकडच्या पहिल्याच हादऱ्यांनी आमच्या बाजूला भेगा गेल्या होत्या आणि ती त्या लिंपत होती. मला जवळ घ्यायला हात मोकळे नव्हते. एवढंच म्हणाली, "मांगं पाहू नोको. पाहशीन त धूळच दिसन." बैलगाडी सेलू रोडच्या स्टेशनापर्यंत जाईतो मी मागं पाहिलं नाही. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता.

हे आज सांगायचं कारण गेल्या महिन्यातला नागपूरचा स्नेहमेळावा. आपल्या तालुक्यातून बाहेर पडलेले आपण सगळे जमलो होतो. प्रभाकरदादांनी भाषण केलं. प्रभाकरदादा म्हणजे त्याच मोठेबाबांचे चिरंजीव, नागपूरला सरकारी कचेरीत साहेब. "मातीच्या घरातली ऊब आणि गारवा सिमेंटला सात जन्मांत यायचा नाही," असं ते म्हणाले. आमच्या शेणामातीच्या भिंती म्हणाले, मायेचा हात म्हणाले. तुमच्यातल्या पुष्कळांनी डोळे पुसले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. स्मरणिकेचं काम पाहणारे गृहस्थ नंतर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्हीही लिहा ना घराबद्दल काहीतरी गोड." मी हो म्हटलं. गोड होईल याची हमी दिली नव्हती.

दादांचं वाक्य खोटं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ते खरं आहे. आमच्या घराच्या भिंती दोन-दोन हात जाड होत्या. मे महिन्यात बाहेर डांबर वितळायची वेळ यायची आणि आत सारवलेल्या जमिनीवर उघड्या पाठीनं पडलं की झोप कधी लागली ते कळायचं नाही. थंडीत चुलीमागची भिंत सकाळपर्यंत कोमट असायची. लहानपणी मी तिला पाठ लावून अभ्यास केला आहे. भिलाईला सेक्टरमधल्या क्वार्टरात मी कूलर घेतला, खसचे पडदे लावले, नाइट ड्यूटी करून आले की दिवसा झोपण्यासाठी खिडक्यांना काळे कागद डकवले. तरी तशी झोप परत लागली नाही. लग्न तिथंच एका वेल्डरशी केलं. तो हसायचा आणि म्हणायचा, "तुम्हारा मायका तो फ्रिज था क्या?" मी म्हणायची, होता.

पण तो फ्रिज चालवत कोण होतं, ते भाषणात आलं नाही. नाल्यावरून माती खोदून डोक्यावर आणायची, तिच्यात कुटाराचा भुसा आणि शेण घालायचं, पाणी मारून कुजू द्यायचं, मग पायांनी तुडवायचं. त्या वासानं दोन दिवस जेवण जात नाही. पावसाळ्याआधी बाहेरून लिंपायचं, दिवाळीआधी आतून. उधईनं भिंत पोखरली तर खरवडून पुन्हा पहिल्यापासून. मायच्या बोटांच्या पेरांना कायम चिरा असायच्या आणि भाजीत तिखट घातलं की ती हात झटकायची. आमच्या गावात एकाही पुरुषाला भिंत सारवताना मी पाहिलेलं नाही. झोपताना मात्र सगळ्यांना पाहिलं आहे.

तर मोठेबाबांनी अर्धं घर पाडलं. त्यांना स्लॅबचं घर हवं होतं. गावातलं पहिलं स्लॅबचं घर आपलं व्हावं, ही त्यांची हौस. "आता मातीत कोन राह्यते?" असं ते पारावर बसून विचारायचे. दोन्ही अर्ध्यांच्या मधे एक भिंत होती, आजोबांच्या वेळची. तीही काढायचा त्यांचा बेत होता, म्हणजे हातभर जागा वाढली असती आणि आमचं अर्धं घर उघडं पडलं असतं. मी गाडीत बसून गेल्यावर माणसं त्या भिंतीपाशी आली. पुढचं मला गावच्यांनी सांगितलं. थोरल्या दिरासमोर भावजयीनं तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती. काही सांगायचंच असलं तर मधे कुणीतरी लागायचं, एखादं मूल किंवा गडी. माय डोक्यावर पदर घेऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि सबल धरलेल्या माणसाला म्हणाली, "सांग तुह्या मालकाले. ही भीत अर्धी माही हाय. त्यायची अर्धी त्यायनं काढून न्यावी, माही उभी राह्यली पायजे."

भिंत राहिली. मोठेबाबांनी तिच्याशेजारी विटांची नवी भिंत उभी केली आणि दोन्हींच्या मधे माणूस आडवा होऊन शिरेल एवढी बोळ ठेवली. आणि स्लॅबची पन्हाळ काढली ती त्या बोळीत. रस्त्याची बाजू मोकळी होती, परसाची बाजू मोकळी होती, पण पाणी पडायचं ते आमच्या भिंतीवर. मातीच्या भिंतीला ऊन काही करत नाही, पाणी तिला खाऊन टाकतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोठेबाबांना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर म्हणावं.

त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला पडला. माय आणि मोठेबाबा आधीही बोलत नव्हते, त्यामुळे खरा अबोला पडला तो दोघी जावांमधे, माय आणि मोठीमाय. पहिल्या पावसाळ्यात माय त्या बोळीत आडवी शिरून भिंतीला तुराट्यांचे तट्टे बांधायची, पाण्यानं ते सुटले की पुन्हा बांधायची. मी भिलाईहून पत्र लिहायची, इकडे ये, दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, नळाला पाणी आहे. ती शेजारच्या पोरीकडून उत्तर लिहून घ्यायची, भिंत वाळू दे, मग पाहू.

मग उन्हाळा आला आणि स्लॅबची हौस फिटली. वर्धा-सेलूकडचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलं आहे त्यांना सांगायला नको. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीही खाली आग ओतायचा. मोठेबाबा ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "नवीन हाय, थंडा होईन हळूहळू." त्याच चैतात प्रभाकरदादांची बायको कमलवहिनी बाळंत झाली होती. दादा तेव्हा नागपूरला खोली घेऊन राहायचे, बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ. तान्ही पोर, तिला सगळे बेबी म्हणत, घामोळ्यांनी लाल झाली, रडून रडून आवाज बसला. एका दुपारी मोठीमाय त्या पोरीला आणि सुनेला घेऊन आमच्या दारात येऊन उभी राहिली. तोंडातून शब्द नाही. आमच्या भागात मे महिन्याच्या दुपारी सावलीला आलेल्याला परत पाठवत नाहीत, मग तो चोर का असेना. मायनं आपली चटई ओढून कोपऱ्यात नेली आणि गार जागा मोकळी केली. शब्द तिच्याही तोंडातून नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीचे धाकटे दीर आले, मग तिची नणंद, मग एकदा मोठेबाबा स्वतः, भिंतीकडे तोंड करून झोपायला. पुढं सगळा उन्हाळा हेच. त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात हेच.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी रजेवर आले तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. जेवणं झाली की स्लॅबवाले एकामागून एक आमच्या घरात शिरायचे, स्वतःच्या घरात शिरावं तसे. अबोला शाबूत होता. बोलणं सगळं बेबीमार्फत. बेबीला अजून दातही नव्हते. माय तिच्याकडे पाहून म्हणायची, "बेबे, तुह्या आजीले सांग, माठातलं पानी ताजं हाय." मोठीमाय बेबीलाच म्हणायची, "तुह्या काकूआजीले म्हन, दार जरा लोटून घ्या, उन्हाची झाक मारते." मग दोघी पाठीला पाठ करून झोपायच्या आणि एका लयीत घोरायच्या. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. मी त्या दोन हात जाड भिंतीकडे पाहायची. तिच्या पलीकडच्या अंगाला पाण्यानं पोखरलेले खळगे होते आणि अलीकडच्या अंगाला ते पोखरणारे पाय पसरून झोपले होते.

"काऊन येऊ देतं वो त्यायले?" मी एकदा संध्याकाळी मायला विचारलं. घरी आले की माझी भाषा आपोआप घरची होते.

"लेकराले ऊन लागते."

"लेकरू एक हाय. झोपून राह्यले किती?"

माय म्हणाली, "उन्हात सारेच लेकरं असतात," आणि चूल फुंकायला लागली. असलं शहाणपण मला तेव्हा सहन होत नसे. आताही फारसं होत नाही.

बेबी सात-आठ वर्षांची झाली त्या वर्षी पाऊस फार झाला आणि भादव्यात मधली भिंत चुलीच्या वरच्या बाजूला ढासळली. मायच्या अंगावर आली नाही एवढंच. मोठेबाबांनी गावातली चार माणसं गोळा करून आणली आणि त्यांना ऐकवलं, "म्हातारी दबून मरन एखाद्या दिवशी. पोरगी कमावते, तिच्याकडे जाय म्हना. हे पाडून टाकू, माह्या भिंतीलेही धोका हाय." कळवळ्यानं बोलले म्हणे. गावाला पटलंही. मायला मुलगा नव्हता, मुलगी परप्रांतात, ती गेली की जागा आपोआप कुणाकडे जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. पाऊस उघडल्यावर मायनं माती आणली आणि पडलेला भाग थरावर थर देत पुन्हा चढवला. एक थर वाळल्यावर दुसरा. कमलवहिनी सासूची नजर चुकवून तिला टोपली उचलून द्यायची, हे मला फार नंतर समजलं.

पुढच्या मे महिन्यात मी मोठी रजा टाकून घरी आले. भिंतीचं नवं अंग हात लावून पाहिलं. दुपार झाली. माय आत भांडी आवरत होती. मी दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि दारापुढच्या सपरीत बाज टाकून बसले.

ते आले. पुढं मोठीमाय, मागं वहिनी, पोरंबाळं, सगळ्यात शेवटी मोठेबाबा. अंगणातली जमीन चटके देत होती. मी म्हटलं, "पन्हाळ फिरवा, मग या."

मोठेबाबांनी नेहमीप्रमाणे बेबीला पुढं केलं. "सांग तुह्या आत्याले, आमी काई तिच्या घरी नाई आलो."

बेबी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, कारण तिच्या पायांत चपला नव्हत्या. ती रडकुंडीला येऊन ओरडली, "मी नाई सांगत जा! तुमचं तुमी बोला!"

"मी तुमच्याशीच बोलतेय, मोठेबाबा," मी म्हटलं. "नऊ पावसाळे तुम्ही या भिंतीवर पाणी सोडलं आणि आठ उन्हाळे तिच्या आडोशाला झोपलात. दोन्हीतलं एक काहीतरी सोडा." मी आणखीही बोलले. दवाखान्यात वॉर्डबॉयवर ओरडायची सवय झाली होती, ती कामी आली. अंगणात शेजारपाजार जमला.

तेवढ्यात आतून दार वाजलं. आधी हळू, मग जोरात. माय आतून म्हणाली, "कुलूप काढ."

"पन्हाळ फिरवल्याशिवाय नाही काढत."

"घर माह्य हाय," माय म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेला. "दार कोनाले उघडाचं अन् कोनाले नाई, ते मी पाहीन. तुले कुलूप लावाचं असन त तुह्या घराले लावजो. भिलाईले."

मी कुलूप काढलं. मायनं दार उघडून बेबीला आत ओढलं आणि तिच्या तळपायांवर पाणी ओतलं. मागून मोठीमाय आणि वहिनी आत गेल्या. मोठेबाबा गेले नाहीत. ते मागं फिरले आणि ती दुपार त्यांनी आपल्या स्लॅबखाली काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूहून गवंडी आला आणि पन्हाळ रस्त्याच्या बाजूला फिरवून गेला.

हे माझ्या कुलपानं झालं असं मी म्हणते. माय म्हणायची, तिनं दार उघडलं म्हणून झालं. यावरून आम्ही दोघी ती जाईपर्यंत भांडलो. दर रजेला हा विषय निघायचा आणि दर रजेला कुणीतरी जेवता जेवता उठून जायचं. मला त्या दिवसाचा पश्चात्ताप नाही. पण "तुह्या घराले लावजो" हे तिचं वाक्य मी विसरले नाही. भर अंगणात तिनं मला पाहुणी ठरवलं होतं आणि शत्रूंना घरचं. ते लागलं. आज लिहितानाही लागतं आहे.

दोन वर्षांपूर्वी माय गेली. झोपेत गेली, त्याच गार खोलीत. मोठेबाबा तिच्या आधीच गेले होते. तेरवी करून मी कुलूप लावलं, या वेळी खरोखरचं, आणि भिलाईला परतले. मातीच्या घराला कुलूप म्हणजे फाशी. हात फिरला नाही तर दोन पावसाळ्यांत ते जमिनीला मिळतं. मला माहीत होतं आणि मी तयारी केली होती. पडू दे, मी स्वतःला म्हणत होते. निदान कुणी झोपणार तर नाही.

दिवाळीआधी गेले तेव्हा घर बाहेरून लिंपलेलं होतं. मधल्या भिंतीला बोळीतूनही नवा गारा दिलेला. मायचा हात डावीकडून उजवीकडे फिरायचा, या भिंतीवर बोटं खालून वर गेली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आधी सारवतील, मग राहतील, मग म्हणतील आमचंच. कमलवहिनी विहिरीवर भेटली. मी तिथंच तिला धरलं. "कोणाला विचारून हात लावलास?"

तिनं घागर खाली ठेवली. तिच्या पेरांना चिरा होत्या. "कोनाले इचारू?" ती म्हणाली. "काकू गेल्या. तुमी भिलाईले. हे नागपूरले. घरच्या बायाले इचारलं त म्हनतात पडू दे. मले एवढं समजते का माही पोर त्या घरात वाचली. तुमाले नोको असन त सांगा, उद्यापासून नाई लावत हात."

मोठीमायच्या घरातलं कुणीतरी मला थेट, तोंडासमोर, मधे कुणालाही न घालता बोललं होतं. मी तिची घागर उचलून दिली.

प्रभाकरदादा, आता तुमच्याशी. यंदा उन्हाळ्यात तुम्ही नागपूरहून जीप भरून मित्र आणलेत, मी सारवण्यासाठी वहिनीजवळ ठेवलेली किल्ली घेऊन त्यांना ते घर दाखवलंत, भिंतीवर हात ठेवून फोटो काढून घेतलात. माठातलं पाणी प्यालात, तो माठ कुणी भरला होता ते पाहुण्यांना सांगितलं नाहीत. मग मेळाव्याच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणालात, "बाई, ते घर माझ्या नावानं करून दे. मी जपतो. अशी घरं आता उरली नाहीत." तुम्ही जपता! त्या बोळीत तुम्ही शिरूही शकणार नाही, तुमचं पोट अडकेल.

माझं घर कुठलं, असं स्मरणिकेत सगळेच विचारणार आहेत आणि आपापली उत्तरं देणार आहेत. भिलाईचं क्वार्टर मी रोज पुसते, पण ते रिटायर झाल्यावर खाली करून द्यायचं आहे. गावचं घर मी कधी सारवलं नाही. माय होती तोवर तिनं सारवू दिलं नाही, आणि ती गेल्यावर मला ते पडलेलं पाहायचं होतं. त्यामुळे माझं म्हणावं असं घर मला नाही. त्याचं दुःख होतं, पण त्यावर भाषण करावंसं वाटत नाही. ज्याचे हात त्या मातीत गेले त्याचं ते घर, एवढं मला समजतं, आणि त्या हिशेबात तुम्हीही बसत नाही.

मेळाव्यानंतर मी भिलाईला न जाता उलट्या दिशेची गाडी धरली, सेलू रोडला उतरले, तिथून गावी गेले आणि ग्रामपंचायतीत मायच्या घरावर नाव चढवून आले. प्रभाकरदादा, तुमचं नाही. कमलवहिनीचं. तिच्या माहेरच्या भावाला साक्षीला घेतलं. तिनं तुम्हाला अजून सांगितलं नसेल, घाबरते ती तुम्हाला, म्हणून मी इथं सगळ्यांच्या देखत सांगते. येत्या उन्हाळ्यात दुपारच्या गारव्याला गावी जाल तेव्हा कडी वाजवा आणि अंगणात उभे राहा. ती उघडेल असं मला वाटतं. पण विचारावं लागेल तुम्हाला, आणि तेही स्वतःच्या तोंडानं.